आठची गोळी

डबीत चार गोळ्या होत्या. मी त्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतल्या, चिमट्याने एकेक बाजूला सरकवली आणि पुन्हा मोजल्या. चारच. साठ दिल्याला अठ्ठावीस दिवस झाले होते. रोज दोनप्रमाणे छप्पन्न संपायला हव्या होत्या, आणि साठांतून छप्पन्न गेल्या की चारच उरतात.

"बरोबर आहेत ना, मॅडम?" टेबलापलीकडून सेतुमाधवरावांनी विचारलं.

"बरोबर आहेत."

"आमचं माप चुकत नाही. पन्नास पानांचं मीठ मी नुसत्या हाताने घालतो. चव बघायची सोय नसते की आम्हांस."

ते आचारी होते. वय बेचाळीस, अंगाने किडकिडीत, कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ. दवाखान्यात सगळं तमिळमध्ये चालायचं. आम्ही दोघंच असलो की ते मराठीवर यायचे. तंजावरात दोन मराठी माणसं भेटली की असंच होतं. मी हसले, डबी परत दिली आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्यांच्या रक्ताचा अहवाल चेन्नईहून त्याच दिवशी सकाळी आला होता आणि तो माझ्या खणात होता.

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून फेब्रुवारीत मी या ट्रस्टच्या दवाखान्यात लागले होते. साल २००६. एचआयव्हीच्या रुग्णांचं रक्त काढणं, नमुने बर्फाच्या पेटीतून चेन्नईला पाठवणं आणि दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजणं हे माझं काम. गोळी एकच, पण तिच्यात तीन औषधं असतात. ती विषाणू मारत नाही, त्याला स्वतःच्या प्रती काढू देत नाही. त्यासाठी रक्तात औषधाची पातळी सतत टिकावी लागते. पातळी खाली गेली की विषाणू पुन्हा प्रती काढू लागतो. ती नक्कल करताना चुका होतात, आणि एखादी चूक अशी निघते की गोळीचं तिच्यापुढे काही चालत नाही. पुढे मग तीच चूक वाढत जाते.

सेतुमाधवरावांना गोळ्या सुरू होऊन चौदा महिने झाले होते. सुरुवातीला त्यांच्या संरक्षक पेशी शहाण्णव होत्या. सहा महिन्यांत त्या दोनशे एक्केचाळीस झाल्या. आता एकशे एकतीसवर आल्या होत्या. म्हणून डॉक्टरांनी महागडी तपासणी करायला लावली होती, थेट विषाणू मोजायची. औषध लागू पडलं असेल तर तो आकडा चारशेच्या खाली असतो. अहवालात अडतीस हजार सहाशे लिहिलं होतं.

डॉक्टर कमलाक्षींनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोळ्या?"

"बरोबर," मी म्हणाले.

"याच्यासारखे दहा पेशंट असते ना, डॉक्टरम्मा, तर मी दुपारी झोपलो असतो," राममूर्ती म्हणाले. रुग्णांना गोळ्यांचे नियम समजावणं त्यांच्याकडे होतं. "वेळेचा पक्का माणूस."

"पक्का माणूस, पूर्ण गोळ्या, आणि तरी विषाणू दबत नाही. म्हणजे विषाणूच गोळीला सरावला. दुसऱ्या टप्प्याची औषधं द्यायला हवीत." डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "त्यांसाठी चेन्नईत आपल्या वाट्याला या वर्षी एकच जागा आहे. सोमवारी पत्र टाकते."

"आणि त्या औषधांनाही तो सरावला तर?" मी विचारलं.

"तर आपलं कपाट रिकामं."

मी म्हणाले, "डॉक्टर, त्यांचा हिशेब जरा जास्तच बरोबर आहे."

"बरोबर असणं हाही आता रोग झाला का?" राममूर्तींनी विचारलं.

"मी लागल्यापासून दर महिन्याला मोजते. एकदाही एका गोळीचा फरक नाही. बाकी प्रत्येकाचा कधीतरी होतो. बस चुकते, माणूस झोपतो, गोळी हातातून पडते. कॉलेजात असे आकडे आणले असते तर सरांनी प्रयोग पुन्हा करायला लावला असता."

"फेकतात म्हणतेस?" डॉक्टर म्हणाल्या.

"मला माहीत नाही."

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि सगळं सरळ सांगितलं. महिनाभर चेन्नईत राहावं लागेल. नव्या कॅप्सूल थंड जागी ठेवाव्या लागतील, इथल्या उन्हात त्या टिकत नाहीत. त्याआधी एक कार्यकर्ता घरी येऊन राहण्याची सोय पाहून जाईल.

"घरी?" सेतुमाधवराव उभे राहिले. "मेलवीथीत? डॉक्टरम्मा, एका आवारात आम्ही पाच बिऱ्हाडं. मालक म्हणजे आम्हांस कामं देणाऱ्या आचार्यांचे मेहुणे. फ्रिज एकट्या त्यांच्याकडे. त्यांना काय सांगू, कसलं औषध ते? एकदा कळलं की मला चुलीजवळ कोण उभं करील? लेक साईप्रिया दहावीला आहे. तिची आई गेली तेव्हा टीबी म्हणून सांगून निभावलं."

"मग मला खरं सांगा. गोळी चुकवता?"

"नियम मोडला नाही. एकदाही नाही. हवं तर तुळशीवर हात ठेवून सांगतो." त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. "तेथे लिहिलंय, तसंच."

फळ्यावर राममूर्तींच्या सुबक अक्षरात तमिळमध्ये लिहिलं होतं: सकाळी आठ, रात्री आठ, वेळ टळली तर ती गोळी राहू द्या, पुढच्या वेळी एकच घ्या, दोन एकदम घेऊ नका. एका म्हाताऱ्याने राहिलेल्या तीन गोळ्या एकदम गिळल्या होत्या, तेव्हापासून तो नियम तिथे होता.

"सोमवारी या," डॉक्टर म्हणाल्या.

मधल्या रविवारी आमच्या घरी आजोबांचं महालय श्राद्ध होतं. पितृपक्षाचे दिवस, गावात आचारी मिळत नव्हता. आमच्या नेहमीच्या आचाऱ्याची पापनाशमची सासू वारली आणि त्याला सुतक आलं, म्हणून श्राद्ध सांगणाऱ्या आचार्यांनी ऐनवेळी दुसरा माणूस पाठवला. सहाच्या सुमाराला मी दात घासायला मागच्या दारी गेले, तर विहिरीवर घागर डोक्यावरून ओतून घेऊन ओल्या पंचाने कोणी उभं होतं. त्यांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि मला पाहिलं. सेतुमाधवराव.

त्यांनी घागर खाली ठेवली.

"ही आमची शांभवी," अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "रक्त तपासायच्या कुठल्या कंपनीत आहे."

"कंपनी नाही अम्मा, दवाखाना."

"तेच ते. गावाचं रक्त बघत बसते, आणि घरात डास चावला तर मला हाक मारते."

"नमस्कार, मॅ..." सेतुमाधवरावांनी शब्द गिळला. "नमस्कार, अम्मा." त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. मी मान हलवली, इतकीच की त्यांना दिसावी.

"शांभवी, इकडे फिरकू नकोस," अम्माने बजावलं. "तू पारोशी आहेस. उंबऱ्याच्या आत पाय पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसले. तिथून चूल दिसायची आणि चुलीपासून हॉलमधलं घड्याळ. त्यांची कापडी पिशवी बाहेरच्या ओट्यावर खुंटीला लटकत होती. सोवळ्यात येणाऱ्या माणसाने पिशवी आत न्यायची नसते. गोळी तिच्यातच असणार. मी पेपराचं एकच पान धरून होते.

घड्याळाचे आठ ठोके पडले. सेतुमाधवराव नारळ खवत होते. त्यांनी मान वर करून घड्याळ पाहिलं, शेवटचा ठोका होईपर्यंत थांबले, मग मान खाली घालून पुन्हा खवू लागले.

मला वाटलं, आता उठतील. साडेआठ झाले. उडीद वाटून झाले, तिळाचे लाडू वळून झाले. नऊ झाले. आठची गोळी नऊला घेतली तरी चालते, अकरालाही चालते. पण ते ओट्याकडे जाणार कसे? बाहेर जाऊन पिशवीला हात लावला की सोवळं मोडलं, आणि ओल्या धोतरात पुन्हा विहिरीवर जावं लागणार. शिवाय आत काही तोंडात टाकता येणार नाही. श्राद्धाचा स्वयंपाक करणारा चवही बघत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी हसले होते.

एक वाक्य पुरलं असतं: सेतुमाधवराव, गोळी घ्या. पण हॉलमध्ये अप्पा होते, काका होते, आचार्य दर्भ मोजत होते. अम्माने विचारलं असतं, कसली गोळी? परक्यापुढे ती काहीही म्हणो, माझी नोकरी कुठली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गप्प बसले तर सोमवारी पत्र जाणार होतं.

शेवटी मी उंबऱ्यापाशी गेले. "अम्मा, आचाऱ्यांना पाणीबिणी काही दिलंस का?"

"पाणी?" अम्मा वड्यांचं पीठ फेटत होती. "ब्राह्मण जेवून उठेपर्यंत आचारी थेंब घेत नाही. तू याच घरात जन्मलीस ना गं?"

"आणि कोणाचं औषध वगैरे असलं तर?"

"कोणाचं औषध?" अम्माचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वळून सेतुमाधवरावांकडे पाहिलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. खिरीतली पळी हलायची थांबली होती.

"कोणाचं नाही. सहज विचारलं."

"सहज विचारायला हाच दिवस सापडला," अम्मा म्हणाली. पळी पुन्हा फिरू लागली.

ब्राह्मण जेवले, पिंड झाले, कावळ्यांना घास टाकून झाला. आम्ही बसलो तेव्हा दोन वाजून गेले होते. वडे खुसखुशीत झाले होते. मी चार खाल्ले. सगळ्यांच्या शेवटी सेतुमाधवराव जेवले आणि उष्टी पानं उचलून मागच्या दारी गेले. श्राद्धाची पानं उकिरड्यावर टाकत नाहीत, खड्ड्यात पुरतात. मी धुण्याच्या दगडाआड उभी राहिले.

त्यांनी पानं खड्ड्यात रचली. ओट्यावरून पिशवी आणली होती, तिच्यातून पितळेची लहान डबी काढली. एक गोळी काढून केळीच्या पानाच्या तुकड्यात नीट गुंडाळली, ती पुडी पानांवर ठेवली आणि फावड्याने माती लोटली.

"काय केलंत हे?"

ते दचकले. मग मला पाहून त्यांनी फावडं खाली ठेवलं. "आठची होती. शिळी झाली."

"शिळी?"

"वेळ टळली की. नैवेद्याचं अन्न संध्याकाळला ठेवतात का कोणी? आठची गोळी आठलाच. त्यानंतर तिच्यात गुण राहत नाही, म्हणून तर राममूर्ती सारनी फळ्यावर लिहिलंय, राहू द्या. मग ती डबीत कशाला ठेवायची? औषध आहे, कोठेही टाकवत नाही. म्हणून मातीत देतो."

मी दगडावर बसले. "महिन्यातून किती दिवस?"

"या पंधरवड्यात रोज. एरवी बारा-पंधरा दिवस. तिरुवैयारु, पापनाशम, बोलावतील तेथे."

"कधीपासून?"

"तई महिन्यापासून. लग्नाच्या टोळीत असायचो, मोठी पातेली उचलवेनात म्हणून सोडलं. तेथे बरं होतं. सोवळं नाही, ओवळं नाही, आठ वाजले की गोळी टाकायची, वर कॉफी."

तई म्हणजे जानेवारी. पेशी दोनशे एक्केचाळीस होत्या तो महिना.

"हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं?" ते चिडले नव्हते, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "सार विचारतात, नियम पाळता का? पाळतो. तुम्ही विचारता, उरल्या किती? हिशेबाप्रमाणे उरतात."

"सेतुमाधवराव, गोळी शिळी होत नाही. सकाळची राहिली तर दुपारी घ्यायची, उशिरा का होईना. तीन-तीन एकदम गिळू नका, एवढाच त्या नियमाचा अर्थ. तुमच्या अंगात महिन्यातले निम्मे दिवस अर्धंच औषध जातंय. विषाणूला तेवढी फट पुरते."

त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. "किती पुरल्या मी?" ते हळूच म्हणाले.

मी दगडावरून उठले. "डबीत रात्रीची आहे ना? ती आता घ्या. चार वाजत आले. पहाटे किती वाजता उठता?"

"चारला."

"आंघोळीच्या आधी काही तोंडात टाकलं तर?"

"आंघोळीआधी माणूस पारोसाच की. तेव्हा सोवळं कोठलं?"

"मग आठ आणि आठ नको. पहाटे चार, दुपारी चार. चारपर्यंत तुमचं श्राद्ध आटोपतंच."

त्यांनी ओठ हलवत मनाशी हिशेब केला. पहाटेचं उठणं, पहिली बस, दुपारचं शेवटचं पान. मग डबी उघडून गोळी तळहातावर घेतली. "खरंच चालेल, मॅडम?"

"मॅडम?" मागून अम्माचा आवाज आला. "मॅडम कोण?"

ती दारात उभी होती. सेतुमाधवरावांची मूठ मिटली.

"मी," मी म्हणाले. "प्रेशरची गोळी आहे त्यांची. जेवणाआधी घेऊ की नंतर, ते विचारत होते."

"प्रेशर?" अम्मा पायरी उतरली. "तरीच वड्यांत मीठ बेताचं होतं. मी म्हटलं, आचारी नवा आहे." तिने त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळी औषधाचं विचारत होतीस, ते यांचंच?"

अम्मा वळून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. सेतुमाधवराव हलले नाहीत. मीही नाही. आत आचार्य होते, काका होते, आणि अम्माने कोणालाही हाक मारली असती तरी सगळं संपलं असतं.

ती एकटीच बाहेर आली. हातात पाण्याचा लोटा होता. तिने तो त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. सोवळं आता संपलं." मग थोडं थांबून म्हणाली, "मार्गशीर्षात आमच्या सासूबाईंचं आहे. दुसरीकडे शब्द देऊ नका."

"येतो, अम्मा," सेतुमाधवराव म्हणाले आणि गोळी गिळली. लोट्यातलं सगळं पाणी ते एका दमात प्यायले.

सोमवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. राममूर्ती मधेच उठून फळ्यापाशी गेले, ओल्या फडक्याने एक ओळ पुसली आणि खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"नव्याने काय लिहू, सांग," ते मला म्हणाले.

डॉक्टरांनी सेतुमाधवरावांना समोर बसवलं. "वेळ बदलून तीन महिने बघता येईल. पण आठ महिन्यांत विषाणूने या गोळीची सवय करून घेतली असेल, तर आता वेळेवर घेऊनही उपयोग नाही. आणि चेन्नईची जागा मला तीन महिने अडवता येणार नाही. कुंभकोणमची एक बाई वाट बघते आहे. जागा तिला जाईल. मग तुमचा आकडा चारशेच्या वर राहिला, तर तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नसेल. या वर्षी तरी नसेल."

"आणि चेन्नईला गेलो तर?"

"तर औषध नक्की मिळेल. घरी माणूस येईल, तेही नक्की."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणता?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "निम्मी शक्यता असेल. कदाचित निम्मीही नाही."

त्यांनी पंचाच्या टोकाने मान पुसली. "निम्मी असली तर पुरे. त्या बाईंना पाठवा. चार आणि चार."

पुढच्या महिन्यात मी त्यांची डबी ट्रेमध्ये ओतली. पाच गोळ्या होत्या. पुन्हा मोजल्या. पाचच.

"पापनाशमची बस पकडायची होती, पहाटेची राहिली," ते घाईघाईने म्हणाले. "दुपारी आठवलं तेव्हा चार वाजतच आले होते, म्हणून एकच घेतली. राहिलेली टाकली नाही, मॅडम. ठेवली आहे."

मी पाच लिहून घेतले. गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांच्या आकड्यावर विश्वास बसला.

आमच्याकडे मार्गशीर्षातलं श्राद्ध झालं. सेतुमाधवराव आले. अम्माने त्यांना मीठ हातात मोजून दिलं आणि प्रेशरबद्दल एक अक्षर काढलं नाही. दुपारचं शेवटचं पान उठलं तेव्हा पावणेचार झाले होते. तिने न विचारता लोटा भरून मागच्या दगडावर ठेवला.

डिसेंबरच्या शेवटी मी त्यांचं रक्त काढलं. शीर सापडायला वेळ लागला. नळीवर नावाऐवजी क्रमांक लिहिला, पेटीत बर्फ भरला आणि ती दुपारच्या गाडीने पाठवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहा दिवस लागतील. तेरा लागले. त्या तेरा दिवसांत सेतुमाधवराव चार वेळा दवाखान्यात येऊन गेले. दर वेळी म्हणायचे, इकडूनच चाललो होतो. दवाखाना कुठल्याच वाटेवर नव्हता.

पोंगलच्या आदल्या दिवशी लिफाफा आला तेव्हा ते बाकावरच होते. शेजारी दप्तर घेऊन साईप्रिया बसली होती. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला किती ठाऊक आहे, ते मला कळलं नाही. डॉक्टर तपासणीत होत्या. राममूर्तींनी बाकाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "फोड. अजून थांबलो तर माझंच प्रेशर वाढेल."

मी लिफाफा टेबलावर ठेवला. सेतुमाधवराव आत आले, पण बसले नाहीत. मी कडेने कात्री चालवली, घडी उलगडली, आधी नळीवरचा क्रमांक ताडून पाहिला आणि मग खालची ओळ मोठ्याने वाचली.

नमुना क्रमांक एकाहत्तर. रक्तरसाच्या दर मिलिलिटरमागे विषाणूंच्या प्रती: ४०० पेक्षा कमी.